रिकाम्या भिंतींची शोभा

घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी स्थानकाच्या किंवा मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला, की चर्चा बहुधा एकाच वाटेने जाते. फरशी संगमरवरी असावी की ग्रॅनाइटची, छताला नक्षी किती असावी आणि दात्यांच्या नावांचे फलक कोठे लावावेत, हे प्रश्न उत्साहाने चर्चिले जातात. ज्या श्रावकाला त्या वास्तूत बसून अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक करावयाचे आहे, त्याला नेमके काय हवे, हा प्रश्न मात्र शेवटी येतो. कधी कधी येतही नाही.

हाच प्रश्न सुमारे नऊशे वर्षांपूर्वी युरोपातील कॅथोलिक मठांत अत्यंत तीव्रतेने विचारला गेला. 1098 मध्ये फ्रान्समधील सितो या ओसाड जागी काही संन्याशांनी नवा मठ स्थापन केला. त्यांचाच संघ पुढे सिस्टर्शियन या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांची वस्त्रे न रंगविलेल्या लोकरीची होती. प्रार्थनागृहात शिल्पे नसावीत, भिंतींवर चित्रे नसावीत, खिडक्यांची काच रंगहीन असावी, असे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले. त्यांचे अग्रणी संत बर्नार्ड यांनी 1125 च्या सुमारास एक प्रखर पत्रप्रबंध लिहिला. देवालयाच्या भिंती सोन्याने झळकतात आणि त्याच देवालयाच्या दारी गरीब उपाशी राहतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. खांबांवर कोरलेले विचित्र प्राणी पाहण्यातच संन्याशाचा दिवस सरला, तर त्याने चिंतन केव्हा करावे, असेही त्यांनी विचारले.

नियम इतके कठोर, तरीही त्यांतून कुरूप इमारती निर्माण झाल्या नाहीत. दक्षिण फ्रान्समधील ल तोरोने येथील बाराव्या शतकातील मठ याची साक्ष देतो. तेथील प्रार्थनागृहात पाहण्यासारखे वेगळे असे काहीच नाही. आहेत त्या नेटकेपणे घडवून एकमेकींत बसविलेल्या चुनखडीच्या शिळा, वर साधी कमान आणि मोजक्या लहान खिडक्या. दिवस चढतो तसा प्रकाश भिंतीवरून सरकतो; तेवढेच तेथील चित्र. दगडी कमानीखाली स्वर दीर्घकाळ घुमत राहतो, म्हणून गाणाऱ्याला घाई करता येत नाही आणि इतरांचे ऐकल्यावाचून स्वतःचा सूर लावता येत नाही. वास्तूच तेथे संयम शिकविते.

या मठाचा प्रभाव आधुनिक काळापर्यंत पोहोचला. 1953 मध्ये वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी ल तोरोने पाहिला, आणि लियोंजवळ ला तुरेत येथे डॉमिनिकन संन्याशांसाठी त्यांनी उभारलेला मठ 1960 मध्ये पूर्णत्वास गेला. तेथे उघड्या काँक्रीटच्या भिंती आणि फटींतून येणारा उजेड हीच सजावट आहे. हेच ल कॉर्बुझिए त्या दशकात चंडीगडची उभारणी करीत होते आणि अहमदाबादेत गिरणीमालक संघाची इमारतही घडवीत होते.

भारतातही असे एक स्थान आहे. केरळातील वागमोनच्या डोंगरावर 1958 मध्ये कुरिसुमला आश्रम स्थापन झाला. बेल्जियमहून आलेले फ्रान्सिस आचार्य हे त्याचे प्रमुख संस्थापक. तेथील ख्रिस्ती संन्यासी काषाय वस्त्रे परिधान करतात, प्रार्थनेला जमिनीवर बसतात आणि गोपालन करून स्वतःच्या श्रमावर उपजीविका करतात.

या मठपरंपरेचे मूळ सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत आहे. जैन वाचकाला त्यातील काही नियम ओळखीचे वाटतील. संन्याशाने स्वतःचे म्हणून काहीही बाळगू नये. अत्यंत अशक्त रुग्ण वगळता कोणीही चतुष्पाद प्राण्याचे मांस खाऊ नये. अहिंसेची आपली मर्यादा याहून कितीतरी पुढची आहे, हे खरे. पण दिशा परकी नाही. प्रार्थनागृहाविषयीचा त्यांचा नियम तर फारच मार्मिक आहे. ते नावाप्रमाणेच असावे. तेथे दुसरे काही करू नये आणि दुसरे काही ठेवूही नये. ज्या सभागृहाच्या कोपऱ्यात लग्नाच्या खुर्च्या, मंडपाचे बांबू आणि जुने ध्वनिक्षेपक रचून ठेवलेले असतात, त्याच्या विश्वस्तांनी हा नियम एकदा मनन करावा.

जैन परंपरेत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात. अबूच्या पहाडावर 1031 मधील विमलवसहीत संगमरवर फुलांसारखे उमलले आहे. दुसरीकडे लोंकाशाहांच्या प्रेरणेतून पुढे आलेल्या स्थानकवासी परंपरेत मूर्ती नाही, शिखर नाही; चार भिंती, स्वच्छ भूमी आणि आसन पुरते. यांतील एकच खरे म्हणणे अनेकान्ताला शोभणार नाही. युरोपातही बर्नार्ड यांच्याच काळात मठाधिपती सुजेर यांनी पॅरिसजवळच्या सेंट दनी येथे रत्ने आणि रंगीत काच यांचा पुरस्कार केला होता. दृश्य तेजातून मन अदृश्य तेजाकडे चढते, ही त्यांची श्रद्धा होती.

या दोन वाटा कोठे मिळतात, ते वेरूळच्या जैन लेण्यांत पाहावे. इंद्रसभेच्या अंगणात हत्ती आहे, मानस्तंभ आहे, खांबांवर कोरीव काम आहे. पण गाभाऱ्यापर्यंत गेल्यावर जी मूर्ती समोर येते, तिच्या अंगावर ना वस्त्र, ना अलंकार. सारे वैभव त्या अपरिग्रहाच्या पायाशी येऊन थांबते.

साधेपणाचाही अहंकार होऊ शकतो, हे येथे विसरू नये. सिस्टर्शियन मठांच्या भिंती कोऱ्या राहिल्या, परंतु पुढे त्यांच्या जमिनी वाढल्या आणि लोकरीच्या व्यापारातून संपत्तीही साचली. भिंत रिकामी ठेवणे सोपे. तिजोरी आणि मन रिकामे ठेवणे कठीण.

घनसावंगी तालुक्यातच समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. घर सोडून निघालेल्या विरक्ताची ही भूमी अवर्षणाचीही भूमी आहे. येथे नक्षीवरून वाचलेला पैसा कोठे जावा, हे साधर्मिक भक्तीने केव्हाच सांगून ठेवले आहे: गरजूच्या घरी, विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी, रुग्णाच्या औषधासाठी. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने तेथील मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पुण्याला केली. ते कार्य कोणत्याही कळसाहून कमी उंचीचे नव्हते.

म्हणून पुढील बैठकीत फरशीचे नमुने पाहण्यापूर्वी विश्वस्तांनी एकदा त्या रिकाम्या सभागृहात आसन घालून अठ्ठेचाळीस मिनिटे मौन बसावे. कशाची उणीव आहे आणि कशाची अडगळ झाली आहे, हे तेथेच स्पष्ट होईल.