चावी देण्याआधी शाळेत शिकवा

मी नववीत असताना मामूंनी ईदगाहच्या मोकळ्या मैदानात मला मोटरसायकल शिकवली. तासाभरात क्लच, गिअर, ब्रेक जमले. पुढची गाडी अचानक थांबली तर आपल्याला थांबायला किती अंतर लागेल, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते महिनाभराने कळलं, टेम्पोवर आदळून. मागे बसलेल्या धाकट्या भावाचा हात मोडला. तो हात आजही सरळ होत नाही.

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा 17 वर्षांचा होता. जामिनासाठी 300 शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली, तेव्हा सगळे संतापले. मीही. पण मनात आलं, हा निबंध शाळेतच का लिहून घेतला जात नाही?

आपल्या मोहल्ल्यात पोर्शे नाहीत. पण ईदच्या रात्री बिनहेल्मेट, ट्रिपल सीट फिरणारी दहावीची पोरं आहेत आणि चावी देणारे आपणच आहोत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे किती घरांना माहीत आहे?

कायद्याचा धाक हवाच, पण धाकाने ब्रेक कधी दाबायचा ते कळत नाही. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम आहेतच. तिथेच सांगा की ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. जोडीला वाहतुकीच्या खुणा, हेल्मेट, प्रथमोपचार शिकवा. गाडी हातात परवान्याच्या वयातच द्या, समज मात्र आधी द्या.

शाळेतच का? कारण मैदानात मामू भाच्यालाच नेतात, भाचीला नाही. वर्गात दोघं शेजारी बसतात.

आपल्या संस्थांच्या शाळांनी सरकारी आदेशाची वाट पाहू नये. या वर्षी शनिवारचा एक तास द्यावा. आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे आज घरच्या गाडीची चावी आहे, त्यांनी धाकट्या भावाने मागितली तर ती देऊ नये. तो रुसेल. रुसू द्या.