वाढदिवस पाहून कारसीट बदलू नका! वाणगाव परिसरातल्या पालकांना जाहीर आवाहन

वाणगाव, चिंचणी, डहाणू, कासा, तलासरी या पट्ट्यातल्या आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, मामा-मावश्यांनो,

गेल्या आठवड्यात आपल्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो फिरला. बाळाचा पहिला वाढदिवस, गाडीत फुगे, आणि आतापर्यंत मागे तोंड करून लावलेली कारसीट हौसेने पुढे फिरवलेली. खाली मजकूर : ‘पिल्लू मोठं झालं, आता पुढे बघणार!’ त्यावर टाळ्या आणि बदामांचा नुसता पाऊस. बाळाचं वजन किती, उंची किती, सीटच्या लेबलवर काय लिहिलंय, हे विचारावं असं त्या गटातल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गटावर जाहिरात : ‘कारसीट विकणे आहे. मुलगा तीन वर्षांचा झाला, आता गरज नाही.’ तीन वर्षांच्या मुलाला गरज नाही! मग गरज आहे कोणाला, त्याच्या आजोबांना?

आपण कुठे राहतो ते जरा आठवा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. बोईसरच्या कारखान्यात जायचं असो, वापीच्या दवाखान्यात जायचं असो की चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला, चारोटी, दापचरी, आच्छाड या टापूत ट्रेलर आणि टँकरच्या रांगेतूनच गाडी काढावी लागते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज होती. पुढे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले होते, ते जखमी झाले पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी लावले नव्हते, ते दोघेही गेले. त्यानंतर महिनाभर आपल्या नाक्यानाक्यावर मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा चालली होती. आज त्याच पुलावरून आपण पोरांना मांडीवर घेऊन, नाहीतर दोन सीटांच्या मधे उभं करून नेतो. लाज कशी वाटत नाही?

‘मी घट्ट धरते हो’ असं म्हणणाऱ्या मावशींसाठी साधा हिशेब. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर दहा किलोच्या बाळाचा हातांवर येणारा जोर साधारण दोनशे किलोचा असतो. दोनशे किलो! सिमेंटच्या चार गोण्या. धरून दाखवा. आणि महामार्गावर ताशी ५० ने चालवतो कोण?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात अठरा वर्षांखालची ९,५२८ होती. सीटबेल्ट न लावल्यामुळे गेलेले १६,७१५, आणि त्यातले निम्मे चालक नव्हे, प्रवासी. कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ब आलं : चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय गाडीत असेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. आपल्या रस्त्यावर ती पावती फाडलेली आम्ही तरी पाहिलेली नाही. पण पावती फाटत नाही म्हणून बेफिकीर राहायचं असेल, तर पुढचं वाचू नका.

आता मुद्द्याचं. प्रत्येक वेळी सीट बदलताना मुलाचं संरक्षण थोडं कमी होतं. मागे तोंड असलेली सीट सर्वांत सुरक्षित, पुढे तोंड करून पाच पट्ट्यांची त्याखालोखाल, मग बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, आणि शेवटी नुसता मोठ्यांचा बेल्ट. म्हणजे ज्याला तुम्ही ‘बढती’ म्हणून पेढे वाटता, ती पायरी खाली जाणारी आहे. ती उतरायची केव्हा? आधीची सीट खरोखर लहान पडेल तेव्हा. त्याआधी एक दिवसही नाही.

लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून टक्कर झाली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं, डोकं मात्र पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर तोच धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर जोर घेतात, ते पाहून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये अशी पहिली सीट गाडीत बसवून तपासली. स्वीडनमध्ये आज चार वर्षांची मुलंही मागे तोंड करून बसतात. युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिन्यांच्या आत सीट पुढे फिरवायला मनाईच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला आणि सांगितलं, सीटच्या वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा. ‘पाय दुमडतात हो त्याचे!’ दुमडू द्या. मुलं मांडी घालून तासन्‌तास खेळतात तेव्हा तुम्ही पाय मोजता का?

सीट लहान पडली हे ओळखायचं कसं? मागे तोंड असलेल्या सीटमध्ये डोक्याचा वरचा भाग आणि सीटची वरची कड यांत अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी जागा उरली, किंवा लेबलवरचं वजन संपलं, की बदला. पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना बरोबरीने किंवा किंचित वरून. पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये कान सीटच्या वरच्या कडेच्या वर गेले की ती संपली. मग बूस्टर, पण मूल निदान चार वर्षांचं, लेबलवरच्या किमान वजनाचं आणि बेल्टमध्ये सरळ बसून राहणारं असेल तरच.

इथे आपल्या भागाला एक खास गोष्ट सांगायची आहे. बूस्टरच्या खोक्यावर ‘४ वर्षांपासून’ लिहिलेलं असतं, आणि लेबलवर बारीक अक्षरात ‘१५ ते ३६ किलो’. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन साधारण १६ किलो आहे. आपल्या अंगणवाड्यांत बारा-तेरा किलोची चार वर्षांची मुलं हवी तितकी सापडतील. त्यांना वय बघून बूस्टरवर बसवलं तर बेल्ट पोटावरून आणि गळ्यावरून जातो. यात्रेहून परतताना अचानक ब्रेक मारलेल्या एका गाडीतल्या मुलीच्या गळ्यावर आम्ही तो वळ पाहिलाय : कानाखालून गळ्याच्या खळीपर्यंत लाल, दोरीने आवळल्यासारखा. टक्कर झाली नव्हती, नुसता ब्रेक होता. घरचे म्हणत होते, ‘वाचली बाई!’ कशातून वाचली हे कोणी विचारलं नाही.

बूस्टर सोडायचा तो उंची साधारण १४५ सेंटिमीटर झाल्यावर. म्हणजे बहुतेक मुलांचं दहा-अकरा वर्षांचं वय तरी उजाडतं. पाठ सीटला टेकते का, गुडघे कडेवर वाकतात का, आडवा पट्टा मांड्यांच्या सांध्यावर आणि तिरका खांद्याच्या मध्यावर येतो का, आणि मूल सगळा प्रवास तसंच बसतं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर बूस्टर राहू द्या. पुढची सीट तेरा वर्षांपर्यंत विसरा. एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट लावणं तर जीवघेणंच.

आता नेहमीची रडगाणी. ‘आम्ही असेच वाढलो.’ तेव्हा बैलगाडीला एअरबॅग नव्हती आणि हायवेला चार लेन नव्हत्या. ‘गावातल्या गावात जायचंय.’ डंपर गावातून जात नाहीत का? ‘सीट महाग आहे.’ गाडीच्या सीटकव्हरला आणि म्युझिक सिस्टिमला पैसे निघतात. ‘बाळ रडतं.’ रडू द्या. रडणारं बाळ जिवंत असतं.

‘आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही इको व्हॅनने आणि बाइकवर जातो,’ म्हणणाऱ्यांवर मात्र आम्ही रागावणार नाही, कारण आपल्या पाड्यांचं वास्तव तेच आहे. पण बाइकसाठीही नियम आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. फेब्रुवारी २०२२ ची अधिसूचना आहे, एक वर्षाची मुदत देऊन लागू झालेली. शाळेच्या इकोत दुप्पट मुलं कोंबली जात असतील तर शाळेच्या परिवहन समितीत जाऊन बोला. राज्याच्या २०११ च्या नियमांनी ती समिती बंधनकारक केली आहे, आणि तिथे पालकांचा प्रतिनिधी नुसता चहा प्यायला नसतो.

आम्ही फार मोठी संस्था नाही. पावतीपुस्तक नाही, पुढाऱ्यांच्या फोटोचा फलक नाही. पण पावसाळ्यात रस्त्यावरचे खड्डे चुन्याने रंगवून दाखवले ते आम्हीच, आणि ते बुजेपर्यंत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याही आम्हीच. तेव्हा हसणारे आज त्याच रस्त्याने गाडी पळवतात. असो.

करायचं एवढंच. आज घरी जाऊन सीटवरचं लेबल मोबाइलवर टिपून ठेवा. लहान मुलांची वजन-उंची दर महिन्याला अंगणवाडीत मोजली जाते, माता-बाल संरक्षण कार्डावरून ती बघा, शेजारणीच्या अंदाजावरून नको. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. घडी पडली तर पट्टा सैल आहे. थंडीतली शाल पट्ट्यांच्या वरून पांघरा, आत नको. अपघातातून गेलेली सीट विकू नका, विकत घेऊ नका, दान तर अजिबात करू नका. जुनी सीट घ्यायचीच असेल तर ओळखीच्या घरातली, पुस्तिकेसकट, मुदत बघून. जुन्या गाडीत मागे मधोमध नुसता कंबरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर ठेवू नका, त्याला तीन बिंदूंचा बेल्टच लागतो. आणि त्या व्हॉट्सॲप गटावर पुढच्या वेळी असा फोटो आला तर बदाम टाकण्याआधी वजन विचारा. राग आला तर येऊ द्या.

येत्या रविवारी सकाळी बाजार भरायच्या आधी वाणगाव स्टेशनाबाहेर आमची माणसं मापपट्टी आणि वजनकाटा घेऊन उभी असतील. मूल, सीट आणि तिची पुस्तिका घेऊन या, फुकट तपासून देऊ. सीट बदलायची नाही असं आम्ही सांगितलं तर वाद घालू नका, लेबल वाचा. आणि येताना मागच्या सीटवरच्या मिरच्यांच्या गोण्या काढून या. बेल्टचं बक्कल नेहमी त्यांच्याच खाली दबलेलं असतं.