गुन्ह्याच्या रकान्यासकट

केविन रड ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान असताना, 2008मध्ये, त्यांच्या घराण्याची वंशावळ त्यांच्या हाती देण्यात आली. तिच्यात मेरी वेड नावाची एक पूर्वज निघाली. लंडनच्या रस्त्यावर भीक मागणारी अकरा-बारा वर्षांची पोर. तिनं दुसऱ्या एका लहान मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले, म्हणून 1789 साली तिला फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा बदलली आणि 'लेडी ज्युलियाना' नावाच्या जहाजातून तिची रवानगी ऑस्ट्रेलियाला झाली. वर्तमानपत्रांनी ही बातमी कौतुकानं छापली.

तिथं नेहमीच असं नव्हतं. 1788 ते 1868 या ऐंशी वर्षांत ब्रिटननं सुमारे 1,62,000 कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन सोडले. त्यांच्या नातवंडांनी हा डाग बराच काळ लपवला. आज तीच मंडळी टास्मानियाचे कैदी-दप्तर उघडून आपल्या खापरपणजोबाची उंची, डोळ्यांचा रंग आणि दंडावरचं गोंदण शोधतात. 2007मध्ये युनेस्कोनं त्या दप्तराला जागतिक स्मृतीचा दर्जा दिला. खापरपणजोबानं मेंढी चोरली होती की बंड केलं होतं, हा प्रश्न तिथं आता दुय्यम झालाय.

आपल्याकडे तो प्रश्न अजून पहिलाच आहे, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आधी एक खुलासा. हिंदुस्थानातून ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले ते बहुतेक गोरे, गुन्हा केलेले कंपनीचे आणि राणीचे सैनिक. मुंबई इलाख्यातल्या काळ्या माणसाला जन्मठेप झाली की त्याची वाट वेगळी होती. कधी पिनांग, मलाक्का, सिंगापूर, कधी मॉरिशस. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्या हातांनी उभं राहिलं. 1858च्या मार्चमध्ये दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानला उतरली आणि मग 'काळे पाणी' म्हणजे अंदमान हे पक्कं झालं.

मुंबई इलाख्यातून अंदमानला जाणाऱ्यांच्या वाटेवर ठाण्याचा तुरुंग लागायचा. पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, मराठ्यांनी जिंकलेला, इंग्रजांनी तुरुंग केलेला. नाशिकच्या माणसाला हा तुरुंग परका नाही. 1909च्या डिसेंबरात विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या. तो आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी याच ठाण्यात फाशी झाली. पुढल्या वर्षी विनायक सावरकर इथूनच अंदमानला गेले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच तिथं पोचले होते.

यांच्या सुमारे 45 वर्षं आधी याच तुरुंगात आणखी एक माणूस राहून गेला. मौलाना जाफर थानेसरी, आजच्या हरियाणातले. 1864च्या अंबाला खटल्यात फाशी झाली, नंतर जन्मठेप. लाहोर, कराची, मुंबई, ठाणे असा प्रवास करून जानेवारी 1866मध्ये ते अंदमानला उतरले आणि 1883मध्ये सुटले. त्यांनी उर्दूत आत्मकथन लिहिलं, 'तवारीख-ए-अजीब'. लोक त्याला 'काला पानी' म्हणूनच ओळखतात.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाशी माझा असलेला मतभेद या ब्लॉगच्या वाचकांना माहीत आहे. पण 'माझी जन्मठेप' आणि थानेसरींचं पुस्तक शेजारी ठेवून वाचावं असं मी सगळ्यांनाच सांगतो. दोघांचा मजहब वेगळा, भाषा वेगळी, ध्येय तर एकमेकांपासून कोसभर लांब. तरी बेडी तीच, भेसूर समुद्र तोच. आणि दोघांचा पत्ता आज आपल्याला लागतो तो एकाच कारणानं. दोघांना लिहिता येत होतं आणि दोघे परत आले.

बाकीच्यांचं काय? सावरकरांच्या पुस्तकात मुसलमान वॉर्डर पानोपानी येतात, बहुतेक पठाण, बलुची, सिंधी, आणि बहुतेक छळणारे. आमच्यातले काही जण ही पानं वाचून रागावतात. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. ते वॉर्डर म्हणजे पगारी शिपाई नव्हते. तेही कैदीच होते, जन्मठेपेचे, जुने झाले म्हणून इतरांवर नेमलेले. त्यांचं गाव कोणतं, मागे कोण राहिलं, ते परत गेले की तिथंच मातीत मिसळले? आपण त्यांना फक्त सावरकरांच्या नजरेतून पाहिलंय, कारण दुसरी नजर आपण कधी शोधलीच नाही.

नाशिक जिल्ह्यातही हेच. 1857च्या अखेरीस पेठ-हरसूलकडे उठाव झाला, गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना फाशी झाली. तिकडे सिन्नरच्या बाजूला भागोजी नाईक 1859पर्यंत लढला. या दोघांची नावं आहेत. त्यांच्यामागून गेलेल्या भिल्ल, कोळी, ठाकर माणसांची नावनिशीवार यादी नाशिकच्या एकाही स्मारकावर माझ्या पाहण्यात नाही.

आणि आमच्या समाजात? आम्ही 'अंदमानचे उलेमा' म्हणून दहा-बारा नावं पाठ केली आहेत. फज़ले हक खैराबादी, लियाकत अली, थानेसरी. 15 ऑगस्टला त्यांचे फलक लागतात. देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांच्या तोंडावर टाकायला ती नावं उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. पण दाखल्यासाठी केलेला शोध दाखल्यापाशीच थांबतो. जमिनीच्या भांडणात भावकीतल्या कुणाला कुऱ्हाड घातलेला शेख, दरोड्यात सापडलेला पिंजारी, नवऱ्याला विष दिलेली बाई, यांच्यासाठी कोण शोधणार? फलकावर न बसणारा तो पूर्वजच नाही का?

मागे राहिलेल्या घराबद्दल बोलू. बाबारावांची पत्नी येसूवहिनी नाशिकला वाट पाहत राहिली. कुटुंबाला अंदमानात भावांना भेटण्याची संधी 1919मध्ये मिळाली, तेव्हा ती या जगात नव्हती. तिची कथा निदान मराठीत लिहिली गेली. जन्मठेपेवर गेलेल्या मुसलमानाच्या बायकोपुढे आणखी एक भिंत होती. निकाह कायम, नवरा समुद्रापार, पत्राचा पत्ता नाही. नवरा बेपत्ता झाला तर हनफी फिक्हमध्ये त्याच्या वयाचे लोक मरेपर्यंत थांबायचं, कुणी नव्वद वर्षांचा हिशेब सांगितला. मालिकी मतात चार वर्षं. मौलाना अशरफ अली थानवींनी 1930च्या दशकात 'अल-हीलतुन नाजिजा' लिहून मालिकी मताचा आधार घ्यायला वाट करून दिली. मग 1939चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा त्याला सात वर्षं वा जास्त कैद झाली असेल, तर बायको कोर्टातून सुटका मागू शकते, हे त्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. म्हणजे 1858पासून 81 वर्षं! त्या काळात आपल्या वाड्या-वस्त्यांवर ना सधवा ना विधवा अशा किती बाया जगल्या असतील, ते कुठल्याच रजिस्टरात नाही.

कैद्यांचं नवं घर मात्र अंदमानात उभं राहिलं. काही वर्षं चांगली वागणूक दाखवलेल्या पुरुषाला जमीन कसायची, लग्न करायची मुभा मिळे. बायकाही कैदीच. थानेसरींनीही तिथं लग्नं केली आणि परतताना बायको-मुलांना बरोबर आणलं. जे राहिले त्यांच्या लेकरांना 'लोकल बॉर्न' म्हणतात. प्रांत, जात, कधी मजहबही ओलांडून झालेली लग्नं, घरात हिंदुस्थानी बोली. त्यांच्यापैकी कुणाचा पणजोबा आपल्या चांदवडचा किंवा येवल्याचा असेल, तर त्यानं कुणाला विचारायचं?

विचारायला जागा आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात इलाख्याच्या न्यायखात्याची दप्तरं आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोर्ट ब्लेअरचा पत्रव्यवहार आहे. इंग्रज सरकार गरिबाला काही देत नव्हतं, पण त्याची नोंद कसून ठेवत होतं. शोधणाऱ्याला एक सांगून ठेवतो. जुन्या मराठी कागदांत बापाचं नाव जोडताना हिंदूला 'बिन' आणि मुसलमानाला 'वलद' लिहायची चाल होती. अरबी 'बिन' मराठ्यांच्या वाट्याला आला, याची गंमत वाटते. इंग्रज कारकुनानं तेच रोमन लिपीत ऐकेल तसं उतरवलं. म्हणून शेख, शेक, शेइक असे सगळे उच्चार धरून बघावं लागतं. मोडी येत असेल तर उत्तम.

पण हे काम एकेकट्यानं रजा काढून मुंबई-दिल्ली करत होणारं नाही. सरकारनं ही दप्तरं स्कॅन करून जिल्हावार नावांची सूची मराठीत काढावी. आमच्या ज्या संस्था दरवर्षी स्वातंत्र्यसैनिकांचे जलसे करतात, त्यांनी एका वर्षाचा जलशाचा खर्च मोडी आणि फारसी वाचणाऱ्या चार मुलांना द्यावा. नाशिकची यादी 1840पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, अंगावरची खूण, कुठल्या जहाजानं गेला, पुढे काय झालं, सगळं असावं. गुन्ह्याचा रकानाही गाळू नये, मग त्यात राजद्रोह असो की बैलाची चोरी.