बनवाबनवीच्या घरात बाबासाहेब कुठे आहेत?

'अशी ही बनवाबनवी' आम्हालाही पाठ आहे. सिनेमा 1988 चा, पण टीव्हीवर लागला की शिरगावातल्या आमच्या घरांतही जेवणं लांबतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर आमचा राग नाही. आमचा प्रश्न त्यांच्या मागच्या भिंतीबद्दल आहे.

सेटवरची भिंत आपोआप सजत नाही. खिळा कुठे ठोकायचा आणि त्यावर कोणाची तसबीर लावायची, हे कोणीतरी ठरवतं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मराठी विनोदी सिनेमांतली घरं आठवा. बंगला असेल तर सोफा, टेलिफोन, शोकेस, हॉलमधून वर जाणारा जिना. वाडा असेल तर देवघर, तुळस आणि हार घातलेले पूर्वज. हेच 'सर्वसामान्य मराठी घर' असं आपल्या डोळ्यांना शिकवलं गेलं. मग ज्या घराच्या दर्शनी भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि माता रमाई आहेत, ते घर मराठी नाही का? त्या काळातल्या एखाद्या गाजलेल्या विनोदी सिनेमात नायकाच्या बैठकीत बाबासाहेबांची तसबीर कोणाला दिसली असेल तर दाखवा. आम्ही जाहीरपणे चूक कबूल करू.

"करमणुकीत जात कशाला आणता?" असं लगेच विचारलं जाईल. पण बनवाबनवीची गोष्टच भाड्याच्या घराची आहे. घरमालकिणीला जोडपी हवीत, म्हणून दोन मित्र साड्या नेसतात. अट फक्त लग्नाची. आडनाव ऐकून कोणी दार लावत नाही. शिरगाव-सोमाटणे पट्ट्यात खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, पहिला प्रश्न कोणता येतो. "पूर्ण नाव सांगा."

खरी बनवाबनवी 1917 साली बडोद्यात झाली होती. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना संस्थानच्या नोकरीत असूनही राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. सिनेमात बिंग फुटलं की प्रेक्षक हसतो. आपलं बिंग फुटलं की सामान रस्त्यावर येतं.

ही भीती आजही आपल्यात आहे, हे आपणही मान्य केलं पाहिजे. नव्या सोसायटीत राहायला गेल्यावर "शेजाऱ्यांची ओळख होऊ द्या, मग लावू" म्हणत बाबासाहेबांची तसबीर कपाटात ठेवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. त्या माणसांना आम्ही दोष देत नाही. पण ज्या समाजाच्या सिनेमाने ती भिंत कधी घरातली म्हणून दाखवलीच नाही, त्या समाजाला आम्ही दोष देतो.

पडद्यावर बाबासाहेब दिसतात ते बहुधा कचेरीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर. 'फँड्री'च्या (2013) शेवटी डुक्कर वाहून नेणाऱ्या कुटुंबामागे महापुरुषांच्या तसबिरी येतात आणि काळजात चर्र होतं. ते दृश्य महत्त्वाचं आहेच. पण आपलं घर पडद्यावर फक्त रडायलाच यायचं का? आपल्या घरात जावई रुसत नाही? मामा थापा मारत नाही? सासू-सुनेची जुगलबंदी होत नाही? आपणही पोट धरून हसतो, आणि हसताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब असतात.

म्हणून रील, शॉर्टफिल्म, नाटक करणाऱ्या आपल्या तरुणांना सांगणं आहे. परवानगीची वाट पाहू नका. विनोदी गोष्ट लिहा, आपल्याच घरात चित्रित करा आणि कॅमेरा लावण्याआधी तसबीर उतरवू नका. इथून जवळच देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या मावळात राहणाऱ्यांनी तरी आपली भिंत झाकू नये.

जय भीम!