तप्पु एष्टु?

इंदूरच्या सुदामा नगरात माझी धाकटी बहीण राहते. अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूचा हा भाग. सकाळी गल्लीभर पोह्यांचा वास आणि दारांवर कितीतरी मराठी आडनावे. ‘मावशी, काय करून राहिलीस?’ असे भाचीने विचारले की मला हसू येते आणि माझे बेळगावी ‘काय करायलीस?’ ऐकून ती हसते.

यावेळी मात्र पोरगी हसतच नव्हती. ती विद्यापीठात एम.एस्सी. करते. तिथे मशीन लर्निंगचे सेमिनार असते. दर आठवड्याला एकाने फळ्यापाशी उभे राहून एक प्रकरण समजावायचे, बाकीच्यांनी शंका काढायच्या. तिची पाळी येऊन गेली होती. संगणकावर आलेख सुरेख निघाला, पण सरांनी विचारले, ‘चुकांचा वर्गच का करायचा?’ ही म्हणाली, ‘प्रोग्राम तसाच करतो, सर.’ सर काही बोलले नाहीत, तेच हिला लागले. ‘मला गणित येतच नाही, मावशी. विषय सोडते.’ बहिणीचेही मत पडले, सोडू दे, नोकरीला प्रोग्राम पुरतो.

मी कशी गप्प बसणार? पंचवीस वर्षे शाळेत गणित शिकवले. आणि खरे सांगायचे तर ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर मीही कितीतरी मुलांना दिलेले आहे.

आमच्या सासूबाई धारवाडच्या. मुलांचे पेपर हातात आले की त्या मार्क विचारत नसत, ‘तप्पु एष्टु?’ म्हणत. चुका किती? भाचीला म्हटले, तुझे यंत्र दुसरे काय विचारते? मग पोह्यांचाच हिशेब मांडला. समजा २, ४ आणि ६ माणसांना २, ३ आणि ७ वाट्या पोहे लागले. माणशी एक वाटी हा नियम धरला, तर पहिल्या दिवशी बरोबर, दुसऱ्या दिवशी एक वाटी जास्त, तिसऱ्या दिवशी एक कमी. नुसती बेरीज केली तर जास्त आणि कमी एकमेकांना खाऊन टाकतात आणि चूक शून्य! दोनदा चुकूनही शंभर टक्के. वर्ग केला की वजाचे चिन्ह जाते, बेरीज २ येते. माणशी सव्वा वाटी धरली तर साडेचार. म्हणजे पहिला नियम बरा. यंत्र आकडे थोडे थोडे हलवून हीच बेरीज उतरवत नेते. आपल्या नियमात आकडा एक, त्याच्यात लाखो.

‘पण चिन्ह नुसते पुसूनही चालले असते की!’ भाची म्हणाली. अगदी बरोबर. तेच तर सरांना हवे होते.

मग आम्ही दोघी तिचे पुस्तक घेऊन बसलो. लजांद्र यांनी ही वर्गांची रीत १८०५ मध्ये छापली, गाऊस यांनी १८०९ मध्ये तिला शक्यतेच्या गणिताशी जोडले. लहान चुका पुष्कळ आणि मोठ्या क्वचित, घंटेच्या आकारात येतात असे मानले, तर ‘कोणत्या नियमाने ही माहिती येण्याची शक्यता सर्वांत जास्त?’ आणि ‘कोणत्या नियमाने वर्गांची बेरीज सर्वांत कमी?’ हे दोन्ही प्रश्न एकच ठरतात. चुका तशा येत नसतील, एखाद्या दिवशी अचानक वीस पाहुणे उगवत असतील, तर मात्र वर्ग त्या एका दिवसाला फार मान देतो. तिथे चिन्ह पुसणेच बरे.

या शक्यतेच्या रीतीवर आपल्याच भागातल्या माणसांनी काम केले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे. त्यांनी १९४८ च्या निबंधात दाखवले की ठरावीक अटींत, माहिती वाढत जाईल तशी या समीकरणाची जी उकल खऱ्या आकड्याकडे जाते, ती एकच असते. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला. आणि सी. आर. राव, १९२० साली जन्मले ते कर्नाटकातल्या हूविन हडगलीत, तेलुगू घरात. अंदाज अचूक म्हणजे किती अचूक होऊ शकतो, याची मर्यादा त्यांनी १९४५ मध्ये काढली. त्यांची आई पहाटे चार वाजता त्यांना उठवून अभ्यासासाठी दिवा लावून देई.

‘चारला मी काही उठणार नाही,’ बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला चहाचे भांडे वाजले. कूस बदलून पाहिले तर भाची दिव्याखाली वही घेऊन बसलेली, आणि बहीण शेजारी भाजी निवडत.

मी बेळगावला परतल्यावर गुरुवारी तिचा फोन आला. फळ्यावर सगळे मांडले म्हणाली, एका ठिकाणी गुणाकाराची बेरीज करताना अडखळले, वर्गातल्याच एका मुलाने सावरले.

‘आणि सर काय म्हणाले?’

‘काही नाही गं. घंटेचाच आकार कशावरून, म्हणाले. पुढच्या गुरुवारी सांगायचंय.’