पार्ट नंबर शेवटी, यादी फोल्डरवार

कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये, हायवेला लागून उचगाव. तिथल्या एखाद्या मशीनशॉपच्या कॉम्प्युटरवर बसा किंवा शिरोलीतल्या फौंड्रीच्या, मांडणी एकच: पार्टीवार फोल्डर, त्यात वर्षवार फोल्डर, त्यात ड्रॉइंग. एकाच पंपबॉडीच्या रिव्हिजन चार वर्षांच्या चार फोल्डरांत. सगळ्यांची यादी काढली की ती आधी पार्टीच्या नावाने लागते, कारण पाथ डावीकडून वाचला जातो. आपल्याला हवा तो पार्ट नंबर अगदी शेवटी असतो.

म्हणून फाइलींची नावे बदलायला बसू नका. कॅडची असेंब्ली आपले भाग नावावरूनच शोधते. नाव बदलले की ती उघडताना भाग सापडत नाहीत. पूर्ण पाथ एका रकान्यात तसाच राहू द्या. शेजारच्या रकान्यात शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचे नाव घ्या आणि ते अंडरस्कोअरवर तोडा. ‘पंपबॉडी_४५१_आर१०’ मधून ४५१ आणि, ‘आर’ काढून, १० वेगळे निघाले की आधी पार्ट नंबर, मग रिव्हिजन, अशा दोन पातळ्यांवर सॉर्ट करा. पायथॉनवाल्यांनी हेच दोन तुकडे ‘की’ म्हणून द्यावेत, काम एका ओळीत होते.

खरी गोम आकड्यांत आहे. विंडोज एक्सपीपासून एक्सप्लोरर नावातले आकडे आकडे म्हणूनच वाचतो, त्यामुळे तिथे आर९ नंतर आर१० दिसते आणि आपण निर्धास्त होतो. तीच यादी एक्सेलमध्ये नेऊन नावावर सॉर्ट केली की आर१० वर सरकते, आर२ च्याही आधी, आणि तळाला आर९ उरते. तळाची ती ताजी, असे धरून नववी रिव्हिजन पॅटर्न शॉपला गेली, तर दहाव्यात वाढवलेला मशीनिंग अलाउन्स कास्टिंगवर येणार नाही. भंगार पुन्हा भट्टीत टाकता येते, पण वीज आणि पार्टीची तारीख गेलेली असते.

म्हणजे नुसते तोडून भागत नाही, तुकड्याचा आकडा करावा लागतो. तो करताना एक्सेलवर मात्र लक्ष ठेवा. पार्ट नंबर १२-३ असा असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो आणि ००७ मधली शून्ये खातो. असे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. आकडा करायचा तो फक्त रिव्हिजनचा. रिव्हिजन अक्षरांत असतील तर झेडनंतर डबल ए येते आणि साध्या सॉर्टमध्ये ती बी च्या आधी जाऊन बसते. त्यावर सोपा उपाय म्हणजे आधी अक्षरांची संख्या, मग अक्षरे.

आता राहिल्या ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’, ‘साहेबांनी_दिलेले’ असल्या फाइली. प्रत्येक ऑफिसात त्या असतातच. साच्यात न बसणारे नाव गुपचूप गाळणारा प्रोग्रॅम आमच्या मते बिनकामाचा. अशा नावांची वेगळी यादी निघालीच पाहिजे. त्यांचा निकाल फाइलच्या तारखेवरून लावू नये. नुसती उघडून सेव्ह केली तरी बदलल्याची तारीख आजची होते, आणि पेनड्राइव्हवरून कॉपी केली की बनवल्याची. ड्रॉइंग उघडून टायटल ब्लॉकमधली रिव्हिजन वाचावी आणि तीच यादीत हाताने भरावी.