शाम्पूच्या बाटलीतली व्होडका

अमेरिकेत मायामीच्या बंदरातून आठवडाभराची क्रूझ सुटते, तेव्हा हजारो प्रवाशांचे सामान आधी स्कॅनरमधून जाते. तपासणी करणाऱ्यांचे लक्ष शस्त्रांवर असते, आग लागू शकेल अशा इस्त्रीसारख्या वस्तूंवर असते आणि तेवढेच बाटल्यांवरही असते. माउथवॉशच्या बाटलीत रंग मिसळलेली व्होडका, सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये रम, पाण्याच्या सीलबंद दिसणाऱ्या बाटलीत जिन, असे प्रकार तिथे वर्षानुवर्षे सापडत आले आहेत. चोरून दारू नेण्यासाठी खास बनवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही बाजारात उघडपणे मिळतात.

अनेक प्रवाशांना हा निरुपद्रवी खेळ वाटतो. कंपनी एका कॉकटेलचे दहा-पंधरा डॉलर घेते, मग आपण तिला थोडे चकवले तर बिघडले कुठे? कंपन्या म्हणतात, हे नियम सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि दोन्ही बाजू सोयीचे तेवढेच सांगतात. शरीराच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा आहे. लपवून नेलेल्या दारूचे मोजमाप कोणाकडेच नसते, आणि किनाऱ्यापासून दूर असताना हीच गोष्ट महागात पडते.

नियम कशासाठी?

अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या क्रूझवर बाहेरची दारू आणि बिअर नेण्यास मनाई असते. कार्निव्हलसारख्या कंपनीत प्रौढ प्रवाशाला चढताना वाइन किंवा शॅम्पेनची ७५० मिलिलिटरची एक बाटली सोबत नेता येते. वाटेतल्या बंदरात घेतलेली दारू जहाजावर जमा करून घेतात आणि प्रवास संपताना परत देतात. २०१५ मध्ये कार्निव्हलने बाटलीबंद पाणी आणि शीतपेये घेऊन चढण्यावरही बंदी घातली. अशा बाटल्यांतून दारू चढवली जात होती, हे त्यामागचे एक कारण होते.

यात पैशाचा भाग मोठा आहे. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या वार्षिक हिशेबात ढोबळमानाने दहापैकी तीन रुपये तिकिटाखेरीज येतात, म्हणजे बार, कॅसिनो, सहली आणि इतर जहाजावरील खर्चातून. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि चढल्यावर वसूल करायचे, हा या धंद्याचा पाया आहे. त्यामुळे नियमांमागे केवळ प्रवाशांची काळजी आहे, असे कोणी म्हटले तर त्यावर सहज विश्वास बसत नाही.

कंपन्यांचे ‘ड्रिंक पॅकेज’ पाहिले की ही शंका आणखी बळावते. दिवसाला ठरावीक रक्कम भरा आणि हवे तेवढे प्या, असा हा व्यवहार असतो. कार्निव्हलने त्यावर चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत एका प्रमाणित पेयात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. म्हणजे पंधरा पेयांत २१० ग्रॅम. अमेरिकेचीच आरोग्य संस्था पुरुषाने दोन तासांत पाच आणि स्त्रीने चार पेये घेतली तर त्याला धोकादायक अतिपान म्हणते. शिवाय पॅकेजचे पैसे एकदा भरले की ते ‘वसूल’ करण्याकडे माणसाचा कल असतो. तेव्हा जहाजावरची अधिकृत दारू सुरक्षित आणि चोरून नेलेली तेवढी घातक, अशी सरळ विभागणी करता येत नाही.

बाटलीतला हिशेब

तरीही दोन्हींत एक फरक आहे. परवानगी असलेल्या वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ७५ ग्रॅम अल्कोहोल असते. त्याच मापाच्या व्होडकाच्या बाटलीत ते सुमारे २३७ ग्रॅम असते, म्हणजे तिपटीहून अधिक. निरोगी प्रौढाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, मोकळी हवा यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. एक ‘खंबा’ शरीरातून पूर्ण बाहेर पडायला एक ते दीड दिवस लागतो, तो असा.

बारमध्ये बारटेंडर मोजून ओततो. समोरच्याची जीभ अडखळू लागली की त्याला आणखी न देण्याचे प्रशिक्षण त्याला दिलेले असते. प्रत्येक पेल्याची नोंद प्रवाशाच्या कार्डावर होते. ही व्यवस्था अपुरी असेल, पण ती असते. केबिनमध्ये टूथब्रशच्या ग्लासात अंदाजाने ओतलेला पेग ३० मिलिलिटरचा आहे की ९०, हे ओतणाऱ्यालाही कळत नाही. बरेच जण केबिनमध्ये ‘आधी थोडी’ घेऊन मग बारमध्ये जातात. तिथल्या माणसाला समोरचा पहिला पेला मागतोय असे वाटते. प्रत्यक्षात तो पाचवा असतो आणि आधीच्या चारांचा अंमल अजून चढायचा असतो.

समुद्र, कान आणि ‘बोट लागणे’

जहाजावरची दारू जमिनीवरच्या दारूसारखी वागत नाही. त्याचे एक कारण कानात आहे. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो आणि त्यात एक नाजूक, लवचिक पडदा असतो. डोके फिरले की द्रव हलतो, पडदा वाकतो आणि मेंदूला दिशा कळते. एरवी पडदा आणि द्रव यांची घनता सारखीच असते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते आणि रक्तातून ते आधी पडद्यात शिरते. पडदा हलका होऊन तरंगू लागतो. मग माणूस पलंगावर आडवा झाला की खोली गरगरते. काही तासांनी अल्कोहोल पडद्यातून आधी बाहेर पडते आणि पुन्हा भोवळ येते, या वेळी उलट दिशेने. सकाळच्या ‘उताऱ्या’ने थोडा वेळ बरे का वाटते, याचे एक कारण इथेच सापडते. अर्थात तो उपचार नव्हे, त्रास पुढे ढकलणे असते.

खाली डुलणारे जहाज आणि कानात तरंगणारा पडदा एकत्र आले की बोट लागायला वेळ लागत नाही. मग प्रवासी गोळी घेतो. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, आपल्याकडे प्रवासात सर्रास घेतले जाणारे प्रोमेथाझिन, ही सगळी औषधे झोप आणणारी आहेत. अल्कोहोलही मेंदूची गती मंदावते. दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो. गाढ गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि अतिपानाने होणाऱ्या मृत्यूंचे ते एक नेहमीचे कारण आहे.

दुसरी बाब वयाची. क्रूझवर ज्येष्ठ प्रवासी मोठ्या संख्येने असतात. वाढत्या वयात शरीरातले पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच पेगने रक्तातली पातळी अधिक वाढते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी प्यायल्यास रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. सुट्टीत एकदम जास्त प्यायल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या प्रकाराला वैद्यकात ‘हॉलिडे हार्ट सिंड्रोम’ असे नावच आहे. हे नाव १९७८ पासून वापरात आहे. उन्हात डेकवर पडून पिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: अल्कोहोल शरीरातले पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दाबते. तहान भागल्यासारखी वाटते आणि शरीर कोरडे पडत जाते.

कठड्यापाशी

अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ जहाजांच्या सुरक्षिततेचा कायदा केला. त्यात डेकच्या कठड्याची उंची किमान ४२ इंच असावी, केबिनच्या दाराला बाहेरचे दिसेल असे भिंग असावे आणि गंभीर गुन्ह्यांची माहिती एफबीआयला द्यावी, अशा तरतुदी आहेत. ४२ इंचांचा कठडा सरळ उभ्या असलेल्या प्रौढाच्या कमरेवर येतो. त्यावरून कोणी सहजासहजी घसरून पडत नाही. पण त्यावर चढून बसणारा, फोटोसाठी बाहेर झुकणारा किंवा शेजारच्या बाल्कनीत जाऊ पाहणारा माणूस पडू शकतो, आणि दारू नेमकी हीच धोका ओळखण्याची शक्ती आधी काढून घेते. पाय डळमळण्याच्या कितीतरी आधी निर्णय चुकू लागतात.

या कायद्यानुसार अमेरिकी सरकार क्रूझवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करते. त्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी सर्वाधिक असतात. याचा दोष गुन्हेगाराचाच असतो, पिणाऱ्या पीडितेचा नव्हे. मात्र बंद केबिनमधली बेहिशेबी दारू अशा गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते, हेही खरे.

डॉक्टरला खोटे सांगताना

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात. प्राथमिक तपासण्या आणि तातडीचे उपचार होतात. पण तिथे मोठ्या रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग नसतो. मेंदूवरची शस्त्रक्रिया नसते. हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो आणि हवामान बिघडले तर तोही पर्याय उरत नाही. अशा ठिकाणी डॉक्टरचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे रुग्णाची किंवा सोबत्याची खरी माहिती: काय प्यायले, किती, केव्हा आणि सोबत कोणती गोळी घेतली.

चोरून आणलेल्या दारूने पहिला घाव या माहितीवर बसतो. दंड होईल, पुढच्या बंदरात उतरवतील, या भीतीने सोबतचे लोक ‘दोनच घेतले’ म्हणतात. कार्डावरची नोंदही दोनच दाखवते. मग बेशुद्धी दारूची की डोक्याला मार लागल्याची, साखर उतरल्याची की पक्षाघाताची, हे ठरवण्यात मोलाचा वेळ जातो.

डब्यांचा घोळ वेगळाच. शाम्पूच्या बाटल्या खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या नसतात आणि अल्कोहोल उत्तम द्रावक असल्याने आतले सुगंधी द्रव्य, साबणाचा अंश ते ओढून घेते. त्याने पोट बिघडेल, जीव जाण्याची शक्यता कमी. खरी भीती अदलाबदलीची आहे. पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखीच दिसणारी व्होडका ठेवली आणि केबिनमधल्या मुलाने ती उचलली, तर थोड्याशा घोटांनीही लहान मुलाची साखर झपाट्याने उतरून झटके येऊ शकतात.

आपल्याकडचे धडे

मुंबईहून गोव्याला जाणारी ‘आंग्रिया’ २०१८ मध्ये सुरू झाली, २०२१ पासून कॉर्डेलियाची क्रूझ धावू लागली. कॅरिबियनच्या फेऱ्यांवरही मराठी कुटुंबे आता दिसतात आणि जगभरच्या क्रूझवर गोव्याचे कर्मचारी तर कित्येक वर्षे काम करत आले आहेत. दारू लपवून नेण्याची सवय आपल्यालाही नवी नाही. गोव्यातल्या स्वस्त बाटल्या कपड्यांत गुंडाळून परतणाऱ्यांना राज्य उत्पादन शुल्क विभागाचे बांदा-इन्सुलीकडचे तपासणी नाके चांगले ठाऊक असतात. तिथला प्रश्न कराचा आणि परवान्याचा आहे. भर समुद्रात त्यात श्वासाचा प्रश्न मिसळतो.

सोबतचा माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर पडू लागले, अंग गार आणि ओठ निळसर पडले, झटके आले, तर ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणणे घातक ठरते. पोटात शिल्लक असलेली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते. अशा माणसाला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, कॉफी पाजू नये आणि दवाखान्याला कळवावे. बाटली चोरून आणली असली तरी ती डॉक्टरला दाखवावी.

काही जण मात्र पैसे वाचवण्यासाठी बाटली लपवत नाहीत. दारूवाचून आठवडा कसा जाईल, या धास्तीने लपवतात. पिणे लपवावे लागणे, हे व्यसनाकडे झुकल्याचे एक लक्षण मानले जाते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके आणि त्यानंतर वात होऊन भ्रम होऊ शकतो. बाटली जप्त झाल्यावर गप्प बसण्यापेक्षा जहाजाच्या डॉक्टरला आधीच सांगणे हिताचे. अनेक क्रूझच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू.’ अशी एक साधी ओळ असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सदस्यांची ती बैठक असते. समुद्रावरही न पिता राहू पाहणाऱ्यांसाठी ती जागा राखलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की, आरोग्याला पूर्ण निर्धोक असे मद्याचे प्रमाण नाही. तरीही सुट्टीत लोक पिणारच. मग निदान किती प्यायलो हे पिणाऱ्याला आणि सोबत्याला ठाऊक असावे. स्कॅनरला चकवून वाचलेले शंभर-दोनशे डॉलर हातात राहतात. पण त्या बाटलीचा हिशेब कुठेच नसेल, तर गरज पडेल त्या रात्री तो डॉक्टरलाही मिळत नाही.